वणव्यानंतरचा पूर

वणवा विझला की संकट टळले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत घातक होय. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात रुइडोसो हे डोंगराळ गाव आहे. जून २०२४ मध्ये त्याच्या आसपासची अरण्ये वणव्यात जळाली. पुढे वर्ष लोटले. आणि ८ जुलै २०२५ रोजी त्या जळालेल्या उतारांवर मुसळधार पाऊस होताच गावातील नदीची पातळी २० फुटांवर गेली. तीन माणसे दगावली. त्यांपैकी दोन बालके होती.

असे का व्हावे? झाडोरा व पालापाचोळा यांनी झाकलेली जमीन पाणी जिरविते. वणव्यात हे आच्छादन नाहीसे होते. शिवाय जळत्या वनस्पतींतून निघालेली मेणचट द्रव्यांची वाफ मातीत शिरून थिजते आणि पाण्याला अडविणारा थर तयार होतो. मग एरवी निरुपद्रवी ठरणारी सरही राख, ओंडके व धोंडे घेऊन काही मिनिटांत खाली लोटते.

अशा वेळी हवामान-उपग्रहांचे साहाय्य मोलाचे ठरते. विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे ‘गोज’ उपग्रह एकाच भूप्रदेशावर अखंड नजर ठेवतात. निवडलेल्या क्षेत्राचे चित्र ते दर मिनिटाला घेऊ शकतात. ढगाचा माथा जसजसा वर चढतो, तसतसा तो थंड होत जातो. अवरक्त किरणांवरून हे तापमान कळते व वादळी ढगाची वाढ पाऊस पडण्यापूर्वीच ध्यानात येते. डोंगर आड आल्यामुळे जेथे रडारला दिसत नाही, तेथे तर हीच नजर कामी येते.

तथापि उपग्रहाच्या स्तुतीवर थांबणे इष्ट नाही. त्याला ढग दिसतो. जमिनीवर पडणाऱ्या पावसाचे मात्र अनुमानच करावे लागते. म्हणून डोंगरमाथ्यावरील पर्जन्यमापकांची जोड त्याला हवीच. शिवाय तोच ढग हिरव्या उतारावर सौम्य, तर जळक्या उतारावर प्राणघातक ठरतो. ‘लँडसॅट’ उपग्रहांनी वणव्यापूर्वी व वणव्यानंतर घेतलेल्या चित्रांच्या तुलनेवरून कोठली जमीन किती भाजली, याचे नकाशे करता येतात. मेघचित्र आणि हा नकाशा एकत्र वाचल्यावाचून दिलेला इशारा अपुराच राहणार.

हा पहारा एका पावसाळ्यापुरता ठेवून भागणार नाही, हे रुइडोसोने दाखविले आहे. उतारांवर पुन्हा झाडोरा धरेपर्यंत तो चालला पाहिजे, आणि त्याचा खर्च वणवा विझविण्याच्या खर्चातच धरला गेला पाहिजे. आग विझविणे हे त्या कार्याचे अर्धेच अंग होय.