मदत आप्तांच्या हाती

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातील युद्धामुळे लक्षावधी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमध्ये सीमेलगतच्या बनगाव येथे पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. ते देणारे प्रशिक्षित हातही मोजकेच होते. तेथे सेवा करणारे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मग लिटरभर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, असे द्रावण पिंपांत भरून ठेवले. ते पाजण्याचे काम त्यांनी रुग्णांच्या नातलगांवर सोपवले. पूर्वी शंभरातील सुमारे तीस रुग्ण दगावत. आता हे प्रमाण चाराहूनही कमी झाले.

कारण साधे आहे. पटकीतही आतडे ग्लुकोज शोषू शकते आणि त्यासोबत मीठ व पाणीही आत घेते. नुसत्या पाण्याने हे साधत नाही.

पूर, भूकंप अशा आपत्तीत अस्वच्छ पाण्यामुळे जुलाब बळावतात. त्यात वृद्धांना धोका अधिक, कारण वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते. जीभ कोरडी पडणे, लघवी कमी व गडद होणे, उठताना भोवळ येणे, बोलण्यात नवा गोंधळ दिसणे, ही लक्षणे शुश्रूषा करणाऱ्याने ओळखावीत. जलसंजीवनीचे पाकीट त्यावर छापलेल्या पूर्ण मापाच्या, उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळावे. अर्ध्या ग्लासात कालवू नये. घोट घोट पाजावे. मधुमेह आहे म्हणून ते टाळू नये, रक्तातील साखर मात्र तपासावी. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास, किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास, प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. शुद्ध हरपत असेल, काहीच पोटात ठरत नसेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे.

‘पोटाला विश्रांती’ म्हणून उपाशी ठेवणे अहितकारक आहे. मऊ भात, वरण, ताजे ताक थोडे थोडे देत राहावे.

आपद्ग्रस्तांना धान्य व कपडे पाठवताना त्यात जलसंजीवनीची पाकिटे आणि ती वापरण्याची कृती मोठ्या अक्षरांत लिहून अवश्य घालावी. बनगावात प्राण वाचले ते द्रावणाने, आणि उशाशी बसून ते पाजणाऱ्या आप्तांमुळे.