साटेची चटणी आणि ‘यात काय आहे?’ हा प्रश्न

‘यात काय आहे?’ हा साधा प्रश्न आपल्याकडे हल्ली संशयाने विचारला जातो आणि रागाने ऐकला जातो. शाकाहारी शेजाऱ्याने आपल्या डब्याकडे बघून तो विचारला की आपल्याला वाटतं, हा आपल्याला कमी लेखतोय. आपण हॉटेलात ‘चिकन हलाल आहे का?’ असं विचारलं की वेटरच्या चेहऱ्यावरही तेच भाव दिसतात. माझं म्हणणं असं की या प्रश्नात अपमान मानण्यासारखं काही नाही. त्याचं खरं उत्तर देता येणं हा शेजारधर्म आहे, आणि ज्याने स्वतःच्या हाताने रांधलंय त्यालाच ते उत्तर खात्रीने देता येतं. हे समजायला चिकन साटेसारखं चांगलं उदाहरण नाही.

साटे म्हणजे बांबूच्या काडीला ओवून निखाऱ्यावर भाजलेले मांसाचे लहान तुकडे. सोबत बहुतेक ठिकाणी शेंगदाण्याची दाट चटणी असते. खाद्येतिहास लिहिणारे त्याचं मूळ जावा बेटावर मानतात, आणि भारतातून व अरब देशांतून तिथे गेलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांच्या कबाबाशी त्याचं नातं सांगतात. शेंगदाणा आणि मिरची तर मूळची अमेरिका खंडातली, युरोपीय जहाजांतून आशियात आलेली. आज इंडोनेशियात बकरी ईदला कुर्बानीच्या मांसाचे साटे घरोघरी भाजले जातात.

पण साटे एकट्या मुसलमानांचा नाही. बाली बेटावरचे हिंदू डुकराच्या मांसाचा साटे करतात. मासळीचा खिमा खोबऱ्यात मळून, गवती चहाच्या दांड्याभोवती लिंपून भाजतात, त्याला ‘साटे लिलित’ म्हणतात. मदुरा बेटावरचे मुसलमान विक्रेते चिकन साटेसाठी देशभर प्रसिद्ध आहेत. सुमात्रातल्या पाडांगच्या साटेवर शेंगदाण्याऐवजी तांदळाच्या पिठाने दाट केलेला पिवळा रस्सा येतो. काडी आणि निखारा सगळीकडे आहे. काडीवर काय ओवायचं ते प्रत्येकाने आपापल्या धर्माप्रमाणे आणि चवीप्रमाणे ठरवलंय.

यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते मध्य जावातलं कुदुस शहर. तिथल्या मशिदीचा, सन १५४९ च्या सुमाराचा, विटांचा मनोरा एखाद्या जुन्या जावानीज देवळासारखा दिसतो. तिथे इस्लामचा प्रसार करणारे सुनान कुदुस यांनी आपल्या अनुयायांना गाय कापू नका असं सांगितलं, कारण आजूबाजूचे हिंदू गायीला पवित्र मानतात, अशी तिथली परंपरा आहे. म्हणून मुसलमान बहुसंख्य असूनही कुदुसची ओळख आजही म्हशीच्या मांसाचा साटे ही आहे. शेजाऱ्याच्या भावनेचा विचार तिथे स्वयंपाकघरात शिरला आणि टिकला. आपल्याकडे २०१५ पासून गोवंश हत्याबंदीचा कायदा आहे. कायद्याने ताटातली वस्तू काढून घेता येते, मनं मात्र जवळ येत नाहीत. मुंबई-पुण्यात मांसाहाराचं कारण सांगून घर नाकारलं जातं, तेव्हाही शेजाऱ्याचा विचार कुणी केलेला नसतो. त्याला फक्त दूर ठेवलेलं असतं.

मग आपण काय करायचं? सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातून करता येते. चिकन साटेला लागणारं सगळं सामान मराठी घरात असतं. अर्धा किलो बोनलेस चिकन घ्या, शक्यतो मांडीचं, कारण ते भाजताना कोरडं पडत नाही. दोन लहान कांदे, चार पाकळ्या लसूण, इंचभर आलं आणि गवती चहाच्या बुडाचा पांढरा भाग एकत्र वाटा. त्यात दोन चमचे धणेपूड, अर्धा चमचा जिरेपूड, अर्धा चमचा हळद, चमचाभर गूळ, मीठ आणि थोडं तेल घालून चिकनला दोन तास लावून ठेवा. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा, नाहीतर त्या जळतात. शेगडी असेल तर उत्तम, नाहीतर जाड तवाही चालतो. उलटसुलट करत, वरून तेल लावत भाजा.

चटणीसाठी वाटीभर शेंगदाणे खमंग भाजून, सालं काढून भरड कूट करा. फार बारीक केला तर चटणी चिकट होते. चार-पाच ब्याडगी मिरच्या भिजवून कांदा-लसणाबरोबर वाटा आणि तेलात परता. मग वाटीभर नारळाचं दूध, कूट, दोन चमचे गूळ, चमचाभर चिंचेचा कोळ आणि मीठ घालून मंद आचेवर तेल सुटेपर्यंत शिजवा. इंडोनेशियात वापरतात तो गोड सोया सॉस इथे सगळीकडे मिळत नाही. गूळ आणि चिंच काम भागवतात. मराठवाड्यातल्या घरांत शेंगदाणे, तीळ आणि खोबऱ्याचं वाटण घालून सालन होतं. तिथल्या वाचकांना ही चव परकी वाटणार नाही.

बाजारातली सॉसची बाटली का नको, तेही सांगतो. काही प्रकारांत सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट असते, काहींत माशाचा सॉस. लेबलवरची बारीक अक्षरं आपण आपल्यासाठी वाचतो, हलाल-हरामच्या काळजीने. तीच अक्षरं शेजाऱ्यासाठी वाचायची आठवण किती जणांना होते? घरच्या चटणीत मांसमच्छी काही नाही. ती वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावाने, चिकनला हात लावण्याआधी करून ठेवा. उकडलेल्या भाज्या, काकडी आणि टोफू किंवा पनीरवर तीच चटणी घातली की शाकाहारी ताट तयार. इंडोनेशियात त्या पदार्थाला ‘गाडो-गाडो’ म्हणतात आणि तो आवडीने खाल्ला जातो. कांदा-लसूण न खाणारं कुणी येणार असेल तर त्यांच्यापुरती चटणी त्याशिवाय करा. आणि पाहुण्यांपैकी कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हेही आधी विचारा. ते जिवावर बेतू शकतं.

काही मित्र म्हणतात, ‘आम्हीच का एवढं करायचं? ते आमच्यासाठी करतात का?’ तक्रार खोटी नाही. पण अनेक हिंदू घरांत मुसलमान पाहुणा येणार म्हणून हलाल दुकानातून मटण आणलं जातं, हेही आपण पाहिलेलं आहे. शिवाय ‘यात काय आहे?’ हे सतत विचारत जगणारी माणसं आपणच आहोत. त्या प्रश्नामागची काळजी आपल्याइतकी कुणाला कळणार?

एकत्र राहायचं म्हणजे सगळ्यांनी एकच खायचं, असा हट्ट कुणीच धरू नये, बहुसंख्याकांनी नाही आणि आपणही नाही. एका ताटात चिकन असेल, दुसऱ्यात भाजी. चटणीचं भांडं मध्ये ठेवा आणि कुणी विचारलं तर त्यात काय आहे ते एकेक करून सांगा.