अनुभव मोठा, पडताळा त्याहून मोठा

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांचे केस अकस्मात गळू लागले. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी शाम्पूला, कोणी बुरशीला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्करही आले. रुग्णांचे रक्त व केस तपासून सेलेनियमचे प्रमाण वाढल्याचे त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले व शिधावाटपाच्या गव्हाकडे बोट दाखविले. आधी नमुना, मग निदान, ही त्यांची रीत जुनीच आहे. ती कशी घडली, हे प्रत्येक सुजाण कुटुंबाने समजून घेण्याजोगे आहे.

शेजारच्या जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात जन्मलेले हे डॉक्टर १९७६ मध्ये कोकणातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे व कोवळी मुले डोळ्यांदेखत दगावत. विंचवावर मंत्र-उतारे आपल्या गावोगाव चालतात. मोताळा तालुक्यातील रोहिणखेडच्या शेतकऱ्यालाही बांधावरचा दगड उचलताना विंचवाचे भान ठेवावेच लागते. पुष्कळ दंशांत केवळ वेदना होतात व त्या आपोआप शमतात. श्रेय मात्र मांत्रिकाला मिळते. जे दगावतात, त्यांचा हिशेब कोणी मांडत नाही. अनुभव फसवतो तो येथे! आणि तो पदवीधर डॉक्टरलाही तितकाच फसवतो.

डॉ. बावस्करांनी हिशेब मांडला. रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची तासातासाला नोंद केली. विषामुळे शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते व फुप्फुसात पाणी भरते, हे त्यांना उमगले. ही लक्षणे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. मग रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी त्यांनी वापरली आणि १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात तिचा वृत्तान्त दिला. गंभीर रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण ३० ते ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले.

एखादा येथेच थांबून सत्कार स्वीकारत बसला असता. पुढे मुंबईच्या हाफकिनमधून विंचूदंशावरील प्रतिविष उपलब्ध झाले, तेव्हा डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी ७० रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. ३५ जणांना केवळ प्राझोसिन दिले, ३५ जणांना प्राझोसिनसह प्रतिविष. दहा तासांनी पहिल्या गटातील ८ जण पूर्ण बरे झाले होते, दुसऱ्यातील ३२. स्वतःच्या नावाशी जोडलेल्या उपचारात भर घालण्याची गरज आहे, हे त्यांनी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधून स्वतःच जगाला सांगितले.

या पद्धतीला पुराव्याधिष्ठित वैद्यक म्हणतात. हे नाव १९९० च्या दशकाच्या प्रारंभी कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातून आले. दृष्टी मात्र आपल्याला परकी नाही. चरकाचार्यांनी आप्तोपदेशाबरोबर प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती ही परीक्षेची साधने सांगितली आहेत. केवळ आप्तवचनावर ते थांबले नाहीत. म्हणूनच आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी अशा चाचण्यांना भिण्याचे कारण नाही. उलट त्यांचा आग्रह आपणच धरला पाहिजे. ‘प्राचीन आहे’ हा जसा पुरावा नव्हे, तसाच ‘विदेशी आहे’, ‘महाग आहे’ किंवा ‘मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिले’ हाही पुरावा नव्हे.

पुरावा म्हणजे आकड्यांची हुकूमशाही, असा आक्षेप घेतला जातो. तो अनाठायी आहे. संशोधनाचा निष्कर्ष, वैद्याचे कौशल्य आणि रुग्णाची परिस्थिती व इच्छा या तिन्हींचा मेळ घालूनच निर्णय करावयाचा असतो. आकडा वैद्याची जागा घेत नाही; त्याचा अहंकार तेवढा आवरतो.

गावागावांत सेवाकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांनी यातून एवढे घ्यावे : विंचूदंशाच्या रुग्णाचा एकही तास उताऱ्यात न दवडता त्याला दवाखान्यात न्यावे. जवळच्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन व प्रतिविष आहे की नाही, याची चौकशी पावसाळ्यापूर्वी करावी. आणि कोणताही उपचार स्वीकारताना नम्रपणे विचारावे, ‘डॉक्टरसाहेब, याने गुण येतो हे कशावरून?’ खरा वैद्य या प्रश्नाने रागावत नाही.