धुराच्या गाडीचा जमाखर्च

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला डेंग्यू झाला. आठ दिवस ती इस्पितळात होती. सकाळी प्लेटलेटचा आकडा कळेपर्यंत आईच्या घशाखाली चहा उतरत नसे. बहीण घरी आली त्याच दिवशी मी गल्लीतल्या घराघरांतून सह्या गोळा केल्या आणि धुराच्या गाडीसाठी अर्ज दिला. अर्ज मराठीत मीच लिहिला, त्याची कन्नड प्रतही मीच केली. तेव्हा हा लेख धुराच्या गाडीविरुद्ध आहे, असा समज कृपया कोणी करून घेऊ नये.

गाडी आली ती सकाळी नऊ वाजता. आमच्या परसात आजोबांच्या सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत. त्या वेळी माश्या काकडीच्या वेलांवर होत्या. दुपारी पेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचा सडा पडला. आजोबांनी त्या केरसुणीने गोळा करून सुपात भरल्या. "अर्ज तूच दिलास न्हवं?" एवढेच ते म्हणाले.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. कुठल्याही व्यवहाराच्या दोन बाजू असतात, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मग धुराचा हिशेब एकाच बाजूने का मांडायचा?

जमेची बाजू पाहू. धुराने मरतात ते त्या वेळी उडणारे डास. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पिंपातल्या अळ्यांना धूर लागत नाही. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे पिंप तसेच राहिले, तर पुढच्या आठवड्यात डास पुन्हा हजर!

आता नावेची बाजू. मॅलेथिऑनसारखे औषध डास आणि मधमाशी यांत भेद करीत नाही. काकडी आणि लाल भोपळा यांची नर व मादी फुले वेगळी असतात. एकीतले पराग दुसरीवर माशीने नेले, तरच फळ धरते. माश्या गेल्या की शेतकऱ्याचे उत्पन्न घटते. पण ही तूट कोणाच्याच वहीत लिहिली जात नाही. कन्नडमध्ये 'जेनु' हा एकच शब्द मधालाही चालतो आणि मधमाशीलाही. एक गेले की दुसरेही गेले!

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यातल्या डॉर्चेस्टर काउंटीत २८ ऑगस्ट २०१६ रोजी झिका रोगाच्या भीतीने सकाळच्या वेळी विमानातून नॅलेड हे औषध फवारले गेले. एकाच मधपाळाच्या ४६ पेट्यांतील सुमारे २५ लाख माश्या मेल्या. मधपाळांना निरोप देण्यात चूक झाल्याचे तेथील प्रशासनाने नंतर मान्य केले. पण माश्या परत आल्या नाहीत.

मग करायचे काय? धूर मारावा, पण जिथे रुग्ण आहेत तिथेच. वेळ असावी सूर्य मावळल्यावरची. डेंग्यूचा डास तर दिवसा चावतो, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण मावळतीच्या सुमारासही तो फिरत असतो आणि माश्या तेव्हा पेटीत परतलेल्या असतात. दोघांचा मेळ बसतो तो याच वेळी. आदल्या दिवशी दवंडी किंवा फलक हवा, मराठीतही आणि कन्नडमध्येही. तेवढ्याने मधपाळाला पेट्या हलवता येतील किंवा ओल्या गोणपाटाने झाकता येतील. आणि आठवड्यातून एक दिवस प्रत्येक घरातले पिंप, हौद, कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करून घासून कोरड्या केल्या, तर गाडी बोलावण्याची वेळच क्वचित येईल. आपल्या महाविद्यालयाच्या एन.एस.एस. पथकाने एकेक गल्ली वाटून घेतली, तर हे काम अवघड नाही. त्याला ना डिझेल लागते, ना औषध.

बहिणीचा जीव मोठा की माश्यांचा, असे मला एका मित्राने विचारले. बहिणीचाच, यात शंका नाही. पण सकाळी नऊऐवजी संध्याकाळी सात वाजता गाडी आली असती, तर बहिणीचे काय बिघडले असते?

यंदा गरज पडली तर अर्ज मी पुन्हा लिहीन. त्यात गाडीची वेळ लिहीन, आणि पहिली सही आजोबांची घेईन.