पालकांनो, सही करण्यापूर्वी!

"आमच्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?" खाजगी माहितीचा विषय निघाला की आपल्या मराठी घरांतून हे ठरलेले उत्तर ऐकू येते. उत्तर देणारा गृहस्थ सज्जन असतो, घरपट्टी वेळेवर भरतो, कोणाच्या अध्यातमध्यात नसतो. पण हाच सज्जन रात्री दाराला कडी घालतो, मुलीच्या स्थळाची बोलणी चालू असताना शेजाऱ्याला पत्ता लागू देत नाही, आणि बँकेच्या रांगेत पासबुक उघडताना मागच्याकडे पाठ करतो. तो चोर आहे म्हणून असे करतो काय? घरातली गोष्ट घरात ठेवण्याचा आपल्याला हक्क आहे, हे त्याला कोणी न शिकवताही ठाऊक असते. तो हक्क तो फक्त एकाच ठिकाणी विसरतो. समोर छापील फॉर्म आला आणि त्यावर सरकारी शिक्का दिसला की विसरतो.

हा हक्क कागदावर यायला आपल्या प्रजासत्ताकाला सदुसष्ट वर्षे लागली. १९५४ साली एम. पी. शर्मा खटल्यात आणि १९६२ साली खरकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणाचा मूलभूत हक्क घटनेत मान्य केलेला नव्हता. पुढे आधार योजनेला आव्हान देणारी याचिका २०१२ साली दाखल केली ती के. एस. पुट्टस्वामी यांनी, कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका निवृत्त न्यायमूर्तींनी, वयाची ऐंशी उलटल्यावर. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. एका वृद्ध गृहस्थाने आपल्या सर्वांसाठी मिळवलेली ही गोष्ट. ती आपण किती जपतो आहोत?

मी मुख्याध्यापक आहे, म्हणून शाळेपुरते बोलतो. शाळेत पूर्वी मुलाची माहिती एका जाड जनरल रजिस्टरात असे. नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आधीची शाळा. ते रजिस्टर कपाटात, कपाटाची किल्ली कारकुनाकडे. आज तेच मूल पाच ठिकाणी भरले जाते: केंद्राच्या संगणकावर, राज्याच्या संगणकावर, शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, आधारवर, आणि आता 'अपार' या नव्या क्रमांकावर. नवीन शैक्षणिक धोरणाच्या ओघात आलेला हा बारा आकडी क्रमांक मुलाला शालेय वयापासून चिकटतो आणि पुढच्या सर्व शिक्षणभर त्याच्याबरोबर राहावा अशी योजना आहे. गुणपत्रिका, प्रमाणपत्रे, शाळाबदल, सारे त्याला जोडायचे.

ही योजना ऐच्छिक आहे असे शिक्षण मंत्रालय सांगते. पालकाने लेखी संमती द्यायची, दिलेली संमती पुढे मागेही घेता येते. उत्तम. मग माझा साधा प्रश्न आहे. जी गोष्ट ऐच्छिक, तिचे उद्दिष्ट शंभर टक्के कसे असते? डिसेंबर २०२४ मध्ये ९ आणि १० तारखेला देशभर 'मेगा अपार दिवस' पाळण्यात आला. शाळाशाळांतून टक्केवारी मागवली गेली. ज्या शाळेचा आकडा मागे, तिच्या मुख्याध्यापकाला विचारणा. आणि मुख्याध्यापकाने काय करावे? तो वर्गशिक्षकाला सांगतो, वर्गशिक्षक मुलांना सांगतो, मूल घरी जाऊन म्हणते, "बाबा, उद्या सही आणली नाही तर सर उभे करतील." या सहीला संमती म्हणायचे असेल तर पठाणाच्या दारात दिलेल्या अंगठ्यालाही संमतीच म्हणावे लागेल.

ही माझ्या मनाची कुरकुर आहे असे कोणी म्हणू नये. स्वीडनच्या उत्तर भागातील शेलेफ्तेओ या गावी एका हायस्कुलात २२ विद्यार्थ्यांची हजेरी कॅमेऱ्याने चेहरा ओळखून घेण्याचा प्रयोग झाला. तीनच आठवडे. घरच्यांची संमती घेतलेली होती. तरीही २०१९ साली तेथील माहिती संरक्षण प्राधिकरणाने त्या नगरपालिकेला दोन लाख क्रोनर दंड केला. कारण वाचण्यासारखे आहे. विद्यार्थी शाळेवर अवलंबून असतो, दोघांचे बळ सारखे नाही, म्हणून अशा ठिकाणी दिलेली संमती मोकळेपणाने दिलेली मानता येत नाही, असे प्राधिकरणाने म्हटले. शिवाय हजेरी घेण्याचे याहून साधे मार्ग आहेत. आपल्याकडे २०२५ साली कर्नाटकात सरकारी शाळांतून चेहरा ओळखून हजेरी घेण्याची घोषणा झाली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्रीय माध्यमिक मंडळाने आपल्या शाळांना वर्गावर्गांत आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवण्याचा नियम केला. पन्नास मुलांची हजेरी घ्यायला शिक्षकाला तीन मिनिटे लागतात, आणि त्या तीन मिनिटांत कोणाचा चेहरा उतरला आहे, कोण उपाशी आले आहे, हेही त्याला कळते. यंत्राला चेहरा ओळखता येतो, चेहऱ्यावरचे वाचता येत नाही.

आता आपल्या सीमाभागातील, आणि बडोदे, हैदराबादसारख्या ठिकाणच्याही, मराठी घरांचा एक खास प्रश्न सांगतो. तो पुण्या-मुंबईच्या विद्वानांना सुचणार नाही. आपल्या मुलाचे नाव मराठी शाळेच्या रजिस्टरात देवनागरीत लिहिलेले असते. आधार कार्डावर मात्र इंग्रजी आणि त्या त्या राज्याची भाषा. बेळगावात कन्नड, बडोद्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू. 'ज्ञानेश्वर' हे एकच नाव घ्या. मराठी माणूस इंग्रजीत ते डी-एन-वाय असे सुरू करतो, कन्नड कारकून जे-एन असे, हिंदी वळणाचा जी-वाय असे. तिघेही आपापल्या उच्चाराला प्रामाणिक असतात. आपण मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही लिहितो, दक्षिणेकडील पद्धतीत वडिलांचे एक आद्याक्षर पुरते. आईचे नाव कुठे माहेरचे, कुठे सासरचे. माणसाच्या डोळ्याला ही एकाच मुलाची नावे आहेत हे क्षणात कळते. संगणकाला ती तीन मुले वाटतात. शाळेची नोंद आणि आधार जुळले नाही की अपार क्रमांक निघत नाही.

मग धावपळ कोणाची? बापाची. तो मजुरी बुडवून सायबर कॅफेत रांग लावतो. तेथे एका अनोळखी पोराच्या हातात घरातल्या सर्वांची कार्डे देतो, फोनवर आलेला ओटीपी मोठ्याने वाचून दाखवतो, झेरॉक्सच्या बिघडलेल्या प्रती तिथल्याच टोपलीत टाकतो. एक अक्षर दुरुस्त करायला गेलेला माणूस घराची सगळी कुंडली दुकानात मांडून येतो. आणि शेवटी त्याला सांगितले जाते की आधारवरचे नाव बदलणे अवघड आहे, तेव्हा शाळेतलेच बदलून घ्या. म्हणजे आजोबांनी बारशाला ठेवलेले आणि गुरुजींनी मराठीत लिहिलेले नाव खोटे, आणि घाईत बडवलेली इंग्रजी अक्षरे खरी! मूळ नोंद नकलेबरहुकूम दुरुस्त करायची ही कोणती रीत?

"पण सर, याने बोगस पटसंख्या थांबते, शिष्यवृत्ती थेट खात्यात येते," असे मला सांगितले जाते. थांबते, येते. मी नाकारीत नाही. बोगस पटाने गरिबाच्या तोंडचा घास पळवला हे या व्यवसायात राहून मी कसे नाकारीन? दाखला मिळवण्यासाठी गरीब पालकाला जे हेलपाटे पडतात तेही संगणकामुळे कमी होतात. परंतु शिष्यवृत्तीसाठी लागणारी माहिती शिष्यवृत्ती घेणाऱ्याकडून घ्या. ज्याला काही द्यायचे नाही, त्याचेही सर्व काही मागून ठेवायचे, 'पुढे कधी लागेल' म्हणून, याला माझा विरोध आहे.

'पुढे कधी' या शब्दांचे मोल इतिहासाने एकदा चुकते केले आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी नेदरलँडमध्ये लोकसंख्येची नोंद अत्यंत चोख ठेवली जात होती. त्या नोंदीत धर्माचाही रकाना होता. तो भरून घेणाऱ्या डच कारकुनाच्या मनात काही पाप नव्हते. १९४० साली जर्मन सैन्य आले आणि तयार नोंदी त्यांच्या हाती लागल्या. तेथील ज्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश मारले गेले. मार्च १९४३ मध्ये काही देशभक्तांनी पोलिसांचे वेष घेऊन ॲम्स्टरडॅमचे नोंदणी कार्यालय पेटवून दिले, पण त्यात थोडीच कार्डे नष्ट झाली, आणि त्यांच्यापैकी बारा जणांना प्राण द्यावे लागले. आपल्याकडे तसे होईल असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच की माहिती गोळा करणारा हात आणि उद्या ती वापरणारा हात एकच असेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. भाषेने अल्पसंख्य असलेल्या आपल्यासारख्यांनी तरी मातृभाषेचा, जातीचा, धर्माचा रकाना भरताना हे ध्यानात ठेवावे.

बाहेरच्या शत्रूची तरी वाट कशाला पाहायची? केंद्र सरकारच्याच 'दीक्षा' या शिक्षणाच्या ॲपची माहिती उघड्या सर्व्हरवर पडून होती, असे जानेवारी २०२३ मध्ये उजेडात आले. दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावे आणि फोन क्रमांक त्यात होते, लाखो विद्यार्थ्यांच्या नोंदी होत्या. आणि आपण शिक्षक तरी काय करतो? वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर आधारचे फोटो मागवतो. शिष्यवृत्तीची यादी मुलाच्या जातीसह फलकावर डकवतो. चाळीस घरांची माहिती चाळीस घरांत जाते. यासाठी परदेशी हॅकरची गरज नाही.

कायदा काय म्हणतो ते आता सांगतो, कारण पालकांना ते कोणी सांगत नाही. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचे शिक्षण हा त्याचा मूलभूत हक्क आहे, ते कोणी दिलेले अनुदान नव्हे. आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मुलाला अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत आपला आधार क्रमांक रद्द करून घेण्याचीही मुभा दिली. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास त्यापासून अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. या कायद्यात सरकारला आणि शाळांना सोडलेल्या वाटा बऱ्याच रुंद आहेत, हा माझा आक्षेप आहे. तरी त्यातील एक तरतूद आपण कवटाळून धरावी अशी आहे. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असली पाहिजे. आठव्या परिशिष्टात मराठी आहे! बेळगावात राहा, इंदुरात राहा की हैदराबादेत, जो कागद तुम्हाला वाचता येत नाही त्यावरची तुमची सही ही संमती नव्हे, हे आता कायद्याच्या भाषेत म्हणता येते. मराठी फलकांसाठी आपण आयुष्यभर भांडलो. मराठी संमतीपत्रासाठी अजून कोणी अर्ज दिल्याचे मी ऐकलेले नाही.

म्हणून पालकांनो, पुढच्या वेळी कागद समोर आला की चार प्रश्न विचारा. ही माहिती कशासाठी हवी? ती कोणाकोणाला दिली जाणार? दिली नाही तर माझ्या मुलाचे नेमके काय अडेल? आणि हे सारे मराठीत लिहून द्याल काय? उत्तर मिळेपर्यंत पेन खिशात ठेवा. सही करायचीच नाही असे मी सांगत नाही. समजून करा, एवढेच सांगतो. कोणी मुख्याध्यापक या प्रश्नांनी रागावला, तर तो टक्केवारीला घाबरला आहे असे समजा, आणि त्याला धीर द्या.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक सांगणे आहे. आपण मुलांचे विश्वस्त आहोत, जिल्हा कचेरीचे वसुली कारकून नाही. पालकाने नकार दिला तर तो तसाच नोंदवून वर पाठवण्याचे धैर्य आपल्यात हवे. आकडा ब्याण्णव टक्के आला तर ब्याण्णव लिहावा. उरलेल्या आठ टक्क्यांत कोणीतरी विचार करून 'नाही' म्हणाले असेल, आणि विचार करून 'नाही' म्हणणारा नागरिक घडवण्यासाठीच तर आपण नागरिकशास्त्र शिकवतो. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. आज मुलाच्या नावावर तो सोकावला, उद्या चेहऱ्यावर सोकावेल. सोकावू द्यायचा की नाही, हे अजून तरी आपल्या सहीवर आहे.