विश्लेषण : मूल ‘ढ’ आहे की त्याला ऐकू कमी येते? शाळांतील श्रवणतपासणी का महत्त्वाची? कर्णनादावर उपाय कोणते?

वर्गात लक्ष नाही, शुद्धलेखनात चुका, हाक मारली तरी ओ नाही… अशा मुलावर ‘ढ’ किंवा ‘आळशी’ हा शिक्का लगेच बसतो. प्रत्यक्षात त्याला कमी ऐकू येत असू शकते. कानात सतत शिट्टीसारखा आवाज ऐकू येणाऱ्या प्रौढांच्या वाट्यालाही असाच अविश्वास येतो. दोन्ही त्रास बाहेरून दिसत नाहीत. म्हणून ते वेळीच शोधणे आणि त्यानंतर साथ देणे, दोन्ही महत्त्वाचे ठरते.

जन्मानंतर तपासणी झाली तरी शाळेत पुन्हा का?

श्रवणदोष नंतरही उद्भवतो. मेंदूज्वर, गोवर, गालगुंड, काही औषधांचे दुष्परिणाम ही त्याची कारणे आहेत. काही आनुवंशिक दोषही उशिरा प्रकट होतात. शिवाय सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचणे, कान वाहणे, मळ घट्ट होणे हे लहान वयात नेहमीचे. एकाच कानाने कमी ऐकणारे मूल व्यवस्थित बोलते, त्यामुळे घरच्यांना शंकाही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बालपणातील सुमारे ६० टक्के श्रवणदोष टाळता येण्याजोग्या कारणांमुळे होतात.

तपासणी कशी होते?

हेडफोन लावून १०००, २००० आणि ४००० हर्ट्झचे हळू आवाज एकेका कानात ऐकवले जातात. आवाज आला की मुलाने हात वर करायचा. हे काम काही मिनिटांचे आहे. मात्र ही केवळ चाळणी असते, निदान नव्हे. खोली शांत नसेल तर चांगले ऐकणारी मुलेही ‘नापास’ होतात. त्यामुळे फेरतपासणी, कानाची आतून पाहणी आणि गरज असल्यास ऑडिओलॉजिस्टकडून सविस्तर चाचणी असा क्रम असतो.

महाराष्ट्रात व्यवस्था काय?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच झाली. त्यात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा, तर सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी अपेक्षित आहे. श्रवणदोष आणि मध्यकर्णाचा संसर्ग हे दोन्ही कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत आहेत. फिरत्या पथकाला शंका आली तर मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे किंवा रुग्णालयाकडे पाठवले जाते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था कार्यरत आहे.

अडचणी कोणत्या?

घोडे पेंड खाते ते पुढच्या तपासणीची चिठ्ठी मिळाल्यानंतर. हातावर पोट असलेल्या पालकांसाठी जिल्ह्याच्या गावची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी, आणि एका फेरीत काम भागत नाही. श्रवणयंत्र मिळाले तरी बॅटरी, दुरुस्ती आणि मूल वाढेल तसा बदलावा लागणारा कानातला साचा यांचा खर्च उरतोच. दुसरी अडचण कायद्याच्या व्याख्येची. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार दोन्ही कानांत किमान ६० डेसिबल श्रवणहानी असेल तरच व्यक्ती श्रवणदिव्यांग ठरते. ४० डेसिबल हानी असलेल्या किंवा एका कानाने न ऐकणाऱ्या मुलाला वर्गात त्रास होतो, पण प्रमाणपत्रावर मिळणाऱ्या सवलती मिळत नाहीत.

कर्णनाद म्हणजे काय?

बाहेर कोणताही आवाज नसताना शिट्टी, घूं-घूं किंवा रातकिड्यांसारखी किरकिर ऐकू येणे म्हणजे कर्णनाद, अर्थात टिनिटस. तो स्वतंत्र आजार नसून लक्षण आहे. अनेकदा त्याच्या मुळाशी श्रवणहानी असते. कानाकडून येणारे संकेत घटले की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि त्यातून हा आवाज जाणवतो, असे मानले जाते. २०२२ मध्ये ‘जामा न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार जगातील सुमारे १४ टक्के प्रौढांना तो जाणवतो, सुमारे २ टक्क्यांना तीव्र त्रास होतो. तो मुलांनाही होतो, पण विचारल्याशिवाय ती सहसा सांगत नाहीत.

त्यावर उपाय आहेत का?

आवाज हमखास बंद करणारी गोळी आज उपलब्ध नाही. जिंकोसारख्या पूरक औषधांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. मात्र ‘आता सवय करून घ्या’ एवढेच सांगून रुग्णाला परत पाठवणेही योग्य नाही. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने फरक पडू शकतो. रात्री पंख्याचा किंवा मंद संगीताचा आवाज अनेकांना आधार देतो. आवाजामुळे येणारी अस्वस्थता कमी करण्यासाठी बोधात्मक वर्तन उपचार, म्हणजे विचार आणि सवयी बदलणारे समुपदेशन, उपयुक्त ठरते. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल तर तज्ज्ञांकडून तपासणी आवश्यक आहे. अचानक ऐकू येणे बंद झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पुढे काय करता येईल?

किती मुले तपासली याबरोबरच किती मुलांचे उपचार पूर्ण झाले, याची नोंद शाळेनिहाय ठेवली तर गळती कुठे होते ते दिसेल. ‘कानात आवाज येतो का?’ हा प्रश्न तपासणीत जोडायला वेगळा खर्च नाही. अशा मुलाला पुढच्या बाकावर बसवणे आणि फळ्याकडे नव्हे, वर्गाकडे तोंड करून बोलणे शिक्षकांना आजही शक्य आहे. हेडफोनबाबत जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, तर मुलांसाठी ७५ डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. शाळांभोवतीचा १०० मीटरचा परिसर कायद्यानुसार शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो; डीजेच्या भिंतींपुढे तो नियम पाळला जातो का, यावरही मुलांचे कान अवलंबून आहेत.