लाजोला पहाडीवर कोणी पाठवले?

रामसे बंधूंच्या भुताच्या चित्रपटांवर आज आपण हसतो. खोटी वटवाघळे, लाल रंगाचे रक्त, मध्येच जॉनी लिव्हरचे विनोद! ‘बंद दरवाजा’ (1990) तर थेट ड्रॅक्युलाच्या वळणाचा. शवपेटीत झोपणारा, रक्त पिणारा नेवला त्यात आहे. पण हसण्याच्या भरात कथेकडे दुर्लक्ष होते. मूल होत नाही म्हणून धास्तावलेली ठाकुरीण लाजो मोलकरीण महुआच्या सांगण्यावरून काळ्या पहाडीवर जाते. नेवल्याची अट अशी : मुलगा झाला तर तिचा, मुलगी झाली तर त्याची. मुलगीच होते.

ही अट काय फक्त भुताची? गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, तोही स्त्री-संघटनांनी प्रश्न लावून धरला म्हणून. म्हणजे चित्रपट आला तेव्हा हाच सौदा दवाखान्यांतून, फी घेऊन चालत होता.

‘पुराना मंदिर’चे (1984) चित्रण मुरूडला, जंजिऱ्याच्या नवाबाच्या राजवाड्यात झाले. त्यात सैतानाला मारतो राजा आणि शाप भोगतात घराण्यातल्या बायका. काय तर बाळंतपणात मरण! चित्रणासाठी रामसेंनी महाबळेश्वर, मुरूड अशा जागा गाठल्या आणि भीतीही तिथेच ठेवली, ओसाड वाड्यात नाहीतर डोंगरावर. वंशाला दिवा मागणारे घर मात्र निर्दोष सुटले.

आणि महुआ? सगळे पाप या बाईच्या माथी. पडद्यावरची चेटकीण ही करमणूक असते, पण विदर्भात हा शिक्का जिवावर बेततो. ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध दलित स्त्री-पुरुषांना गावासमोर बांधून मारले. जादूटोणाविरोधी कायदा तर डिसेंबर 2013 मध्ये आपल्या नागपूरच्याच अधिवेशनात मंजूर झाला होता! नुसत्या कायद्याने भागत नाही, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

म्हणून मैत्रिणींनो, असे चित्रपट टाकाऊ म्हणून सोडून देऊ नका. वस्तीतल्या बैठकीत एखादा लावा. पोट धरून हसा. मग एवढेच विचारा : लाजोला पहाडीवर कोणी पाठवले? सासू, नवरा, शेजारपाजार, डॉक्टर... एकेक नाव बाहेर येईल. चर्चा त्या नावांची व्हायला हवी. नेवला काय, तीन तासांत मरतोच.